पोकेमॉन गोमधला ग्यारडोस होममध्ये पाठवायचा आहे, पण यादीत दिसतच नाही

फुटाळा_फेरी (नागपूर)
नमस्कार मंडळी. माझी पोट्टी दहा वर्षांची आहे. मामानं तिला दिवाळीत स्विच (निंतेंडोचा गेमिंग कन्सोल) दिला, त्यावर ती पोकेमॉन स्कार्लेट हा गेम खेळून राहिली. गोमधले, म्हणजे फोनवर फिरत फिरत पकडलेले, पोकेमॉन ते साठवायच्या होम ॲपमधून तिकडे नेता येतात हे तिला कुठून तरी कळलं, तेव्हापासून एकच घोशा: "आजोबांचा ग्यारडोस मला द्या."

त्या ग्यारडोसबद्दल आधी सांगतो. डिसेंबर 2016 मध्ये गो भारतात आला तेव्हापासून मी खेळतो. बाबांना शुगर होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, पण एकटे जायचा त्यांना भारी कंटाळा. मग मी त्यांना फुटाळ्यावर न्यायला लागलो. तलावाच्या कठड्याशी ते भाजलेलं कणीस सोलत उभे राहायचे आणि माझ्या फोनमध्ये वाकून विचारायचे, "रोहू लागली का रे?" मॅजिकार्प या माशासारख्या पोकेमॉनला ते शेवटपर्यंत रोहूच म्हणाले. त्याचं रूप बदलून ग्यारडोस करायला गेममधल्या 400 कँडी लागतात. बडी (सोबती) करून सोबत फिरवला तर एक किलोमीटर चालल्यावर एक कँडी. पकडून, चालून, सगळं मिळून आम्हाला नऊ महिने लागले. 400 पूर्ण झाल्या त्या संध्याकाळी बटण बाबांनीच दाबलं, अंगठ्यानं नाही, तर्जनीनं, दारावरची बेल दाबावी तसं. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले.

आता अडचण सांगतो. परवा अंदाज घ्यायला म्हणून पिजी नावाचे पाच साधे पोकेमॉन पाठवले. गोमधून गेले, होम उघडलं तर रिकामं. आणि पाठवायच्या यादीत ग्यारडोस दिसतच नाही. पिजी कुठे गेले? ग्यारडोस का दिसत नाही? आणि पाठवल्यावर कधी परत आणता येतो का?

सीताबर्डी_ट्रेनर
दादा, पिजी कुठेही गेले नाहीत. गो ज्या निंतेंडो अकाउंटला जोडलाय, त्याच अकाउंटनं होम उघडलंय का ते बघा. बहुतेक दोन वेगळे ईमेल झाले असतील. गोच्या सेटिंग्जमध्ये 'कनेक्टेड डिव्हाइसेस अँड सर्व्हिसेस' आहे, तिथे कोणतं अकाउंट दिसतं ते वाचा, मग फोनवरच्या होममधून बाहेर पडून त्याच अकाउंटनं आत या. उघडताच 'गोमधून पोकेमॉन आलेत, घ्यायचे का' असं विचारेल. घेतो म्हणेपर्यंत ते तिथेच थांबलेले असतात. पुढे स्विचवरही होम टाकावं लागेल, स्कार्लेटमध्ये न्यायचं काम तिथूनच होतं. तिथेही अकाउंट तेच हवं.

ग्यारडोस न दिसण्याचं कारण साधं आहे. त्याला स्टार (आवडता म्हणून खूण) दिलेला असेल, नाहीतर तो अजून बडी असेल. स्टार दिलेला, बडी असलेला, जिममध्ये (गेममधल्या लढाईच्या जागी) बसवलेला, यातला कुठलाच पाठवता येत नाही. शॅडो (टीम रॉकेटकडून सोडवलेले) आणि टोपीवाले वगैरे कॉस्च्यूमवालेही जात नाहीत.

परत मात्र येत नाही. गोमधून होम हा रस्ता एकाच बाजूचा आहे.

आणि एक हात जोडून सांगतो: पोकेमॉनच्या पानावर जे 'ट्रान्सफर' आहे ते दाबू नका. ते गेममधल्या प्रोफेसर विलोकडे पाठवतं, बदल्यात कँडी मिळते आणि पोकेमॉन कायमचा जातो. होमला पाठवायचं बटण सेटिंग्जच्या आतच आहे. माझ्या मित्राचा पहिला स्नॉरलॅक्स असाच गेला.

वर्धमाननगर_वॉकर
वरच्यांनी सगळं बरोबर सांगितलं. ट्रान्सपोर्टरची, म्हणजे होमला पाठवणाऱ्या यंत्राची, ऊर्जा लक्षात ठेवा: साध्या पोकेमॉनला थोडीच लागते, लिजंडरी (दुर्मिळ, ताकदवान) आणि शायनीला (वेगळ्या रंगाच्या) भरपूर, आणि पूर्ण संपली तर भरायला आठवडा जातो. तुमच्या एका ग्यारडोसला काही अडचण नाही. होमच्या फुकट बॉक्समध्ये 30 पोकेमॉन मावतात, तेवढे बस झाले.

पिजी पाठवल्यावर गोमध्ये मिस्टरी बॉक्स आला असेल, तो वाया घालवू नका जी. तो उघडून फिरलं की मेल्टन नावाचे पोकेमॉन येतात. मेल्टनचा मेलमेटल करायलाही 400 कँडीच. पोट्टीला घेऊन अंबाझरीला जा, फेऱ्या परत सुरू होतील.

धरमपेठची_ताई
भाऊ, मी थोडं वेगळं सांगते. मी माझा पहिला बल्बासॉर लेकासाठी होममध्ये पाठवला. तिकडे पोहोचल्यावर त्याचे गोमधले हल्ले राहिले नाहीत, सीपी (ताकदीचा आकडा) सुद्धा राहत नाही, त्या गेमच्या हिशेबानं सगळं नव्यानं ठरतं. लेकानं दोन आठवडे खेळला आणि मग गेमच बदलला. गोमधली ती जागा मी अजूनही उघडून बघते. बाबांनी बोट लावलेली वस्तू आहे, तिला तिथेच राहू द्या. दुसरा ग्यारडोस करून द्या ना मुलीला.

फुटाळा_फेरी
सगळ्यांचे मनापासून आभार. अकाउंटचंच लफडं होतं: होममध्ये माझा जुना ईमेल टाकला होता. बदलल्याबरोबर पाचही पिजी आले. ग्यारडोसला स्टार होता आणि तो बडीही होता.

ताई, तुमचं वाचून दोन दिवस थांबलो. पोट्टीला विचारलं, दुसरा चालेल का? ती म्हणाली, "दुसरा तर मला गेममध्येच सापडेल, बाबा." आजोबा गेले तेव्हा ती एवढीशी होती, तिला त्यांचा चेहरा फोटोतूनच माहीत. फोनमध्ये ग्यारडोस माझ्यासाठी होता, तिच्यासाठी काहीच नव्हता. गो कधी बंद पडला, किंवा माझं लॉगिन हरवलं, तर दोघांचाही गेला असता. 2025 मध्ये गेमच नव्या मालकाकडे, स्कोपलीकडे गेला, तेव्हापासून हे डोक्यात होतंच.

रविवारी संध्याकाळी तिला फुटाळ्यावर घेऊन गेलो. आधी कणीस घेतलं. बडी बदलला, स्टार काढला, फोन तिच्या हातात दिला. पाठवायचं बटण तिनं दाबलं, तर्जनीनंच. मी काही सांगितलं नव्हतं.

आता तो स्कार्लेटमध्ये आहे. गेममधल्या जिम जिंकून मिळणारे तिचे तीनच बॅज झालेत, त्यावर 35 लेव्हलपर्यंतचेच पोकेमॉन ऐकतात, आणि हा त्याच्या वर निघाला. लढाईत पाठ फिरवून बसतो. रोज शाळेतून आली की आधी बॅजच्या मागे लागते. मेल्टनच्या कँडी सध्या 31 झाल्यात.