एकरी कोटीची महोगनी: कुठल्या रानात?

सिन्नरी बाणा: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. ‘द्राक्ष उपटा, महोगनी लावा, 12 वर्षांत एकरी कोटी.’ कुठला तालुका, कसली जमीन, पत्ता नाही. नाशिक जिल्ह्यातच पेठ-सुरगाण्यात 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या सिन्नरच्या पूर्व भागात 500-600. दोन्हीकडे एकच झाड? सागसुद्धा निचऱ्याच्याच रानात साधतो, पाणी साचणाऱ्या चिबड जमिनीत मुळं कुजतात. आणि 12 वर्षांच्या सागात गाभा तो किती? निम्मं पांढरं लाकूड, वखारवाला भाव पाडूनच मागणार.

महोगनीवाला: पोस्ट माझीच. मग काय, कांदा लावून रडत बसू? माझी झाडं दुसऱ्या वर्षी डोक्यावर गेलीत. येऊन बघा.

सिन्नरी बाणा: ड्रिपवर एरंडही वाढतो. घेणार कोण, ते सांगा.

निफाडचा जुना: हेच 1980च्या दशकात झालं. विनायकदादा पाटलांनी निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांचा सहकार उभा केला, तो माणूस मोठाच. पण आमच्या वडिलांची तोड आली तेव्हा सगळ्यांचीच आली. वाहतूक जाऊन हातात काय राहिलं, विचारू नका.

बांधकरी: निलगिरीचं नाव काढू नका! शेजाऱ्याने बांधावर लावली. माझ्या द्राक्षाच्या शेवटच्या ओळी सावलीत, डाऊनी रोग दरवर्षी तिथूनच सुरू.

निफाडचा जुना: आधी मोजणी करा.

बांधकरी: केली. बांध माझा निघाला.

निफाडचा जुना: मग झाडंही तुमचीच की!

बांधकरी: तो म्हणतो, लावली मी, हात लावून दाखव. तुमच्या घरची भांडणं नाहीत म्हणून हसताय.

महोगनीवाला: धागा लाकडाचा आहे, भाऊबंदकीचा नाही.

बांधकरी: बांधावरचं लाकूड लाकूड नसतं का?

सुरगाणेकर: जरा ऐका. साग आमच्याकडचाच, तोडला तरी खुंटातून फुटतो. पण सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर तोडीची परवानगी आणि वाहतूक पास, दोन्हीला चपला झिजतात. चुलत्यांचा माल एक पावसाळा भिजत पडला. लावतानाच नोंद करा. बांबू तरी 2017 मध्ये वनकायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून सुटला. चंदन लावणाऱ्यांनी शेजारी तूर, शेवगा लावावा, चंदन दुसऱ्याच्या मुळांवर जगतो.

बांधकरी: आमच्या शेजाऱ्यासारखा.

महोगनीवाला: बरं गुरुजींनो, महोगनी अर्धाच एकर. उरलेल्यात शिवणीची झाडं. झालं समाधान?

सिन्नरी बाणा: शिवणीचा पाला शेळ्या ठेवत नाहीत. आधी कुंपण घाला.

बांधकरी: आणि कुंपण बांधाच्या आत.