सिनेमातले पोलीस लिहीत का नाहीत?

सिनेमातल्या पोलिसांपैकी 'अर्धसत्य'मधला पोलीस अधिकारी वेलणकर तेवढा खरा वाटतो, बाकी सगळे नुसते गाड्या उडवणारे, असं मत एकाने मांडलंय; ते शंभर टक्के पटलं. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', त्यामुळे ते पाणी वेगळंच. पण 'खरे पोलीस नुसते बसून असतात' हे त्याचं पुढचं म्हणणं काही मान्य नाही. शेजारी घरफोडी झाली तेव्हा मला पंच (म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार) म्हणून उभं केलं होतं. तीन तास! त्यातला बहुतेक वेळ हवालदार खाली मान घालून लिहीत होते. कपाटाचं तोंड कुठल्या दिशेला, कडी कुठून वाकलीय, खिडकीपासून दार किती फुटांवर. मग प्रत्येक पानावर माझी सही. मध्येच त्यांचं पेन बंद पडलं, मग माझंच दिलं (परत आलं नाही, असो). हे कंटाळवाणं लिखाण कुठला दिग्दर्शक दाखवणार?

बाकी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. म्हणजे आता पंचांनी केस विंचरून जायला हरकत नाही.