शेवटी डंख नसेल तर त्याला एपिग्रॅम म्हणायचं का?

धागाकर्ता
आमच्या वाचनगटात रविवारी यावरून चांगलाच वाद झाला, म्हणून इथे मांडतो. एपिग्रॅम म्हणजे मोजक्या ओळींची आटोपशीर कविता, इथवर वाद नाही. कुणी एखादी हळवी चारोळी वाचली की लगेच कुणीतरी म्हणतं, "वा, काय एपिग्रॅम आहे!" मला हे अजिबात पटत नाही. एपिग्रॅम म्हणजे मार्शल. हिस्पानियातल्या (आजच्या स्पेनमधल्या) बिल्बिलिस गावचा हा कवी इ.स. ६४ च्या सुमारास रोमला आला आणि पुढे त्याने एपिग्रॅमची बारा पुस्तकं लिहिली. त्याच्या या दोन ओळी बघा: "साबिडियस, तू मला आवडत नाहीस, का ते सांगता येत नाही; सांगता येतं ते इतकंच, तू मला आवडत नाहीस." लॅटिनमध्ये 'नोन आमो ते' हे शब्द पहिल्या ओळीच्या सुरुवातीला येतात आणि दुसरीच्या अगदी शेवटी. कारण शोधायला निघालेला वाचक फिरून तिथेच येऊन आपटतो. असा डंख हवाच. आपल्याकडे त्याच्या जवळ जाते ती वात्रटिका, चारोळी नव्हे.

प्रतिसाद १
साफ असहमत. ग्रीक 'एपिग्रामा' म्हणजे मुळात कोरलेला मजकूर. थडग्यावरचा, देवाला वाहिलेल्या वस्तूवरचा. दगडात एकेक अक्षर खोदायचं तर पाल्हाळ परवडत नाही, म्हणून तो आखूड. इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत इराण्यांशी लढताना पडलेल्या स्पार्टन सैनिकांसाठीच्या, ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दोन ओळींचा आशय असा: वाटसरू, स्पार्टाच्या लोकांना जाऊन सांग, त्यांची आज्ञा पाळून आम्ही इथे पडलो आहोत. यात डंख कुठे आहे? आणि हा एपिग्रॅम नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

प्रतिसाद २
धागाकर्त्याशी सहमत. जर्मन लेखक लेसिंगने १७७१ मध्ये एपिग्रॅमचे दोन भाग सांगितले: आधी उत्सुकता, मग उलगडा. लांबून स्मारक दिसतं, हे कुणाचं असेल असं वाटतं, जवळ जाऊन वाचलं की कळतं. दगड नसेल तर ती उत्सुकताही कवीने ओळींतूनच उभी करायची. नुसतं 'तुझी आठवण येते' म्हणून भागत नाही.

प्रतिसाद ३
मी मार्शललाच साक्षीला बोलावते. त्याच्या घरी एरोटिऑन नावाची गुलाम मुलगी होती. सहा वर्षं पूर्ण व्हायला सहा दिवस उरले असताना ती गेली. तिच्यावरच्या कवितेचा शेवट: "धरणी, तिच्यावर भार होऊ नकोस, तिचा तुला कधी झाला नाही." हे वाचून मला दर वेळी भरून येतं. डंख नाही, पण शेवटच्या ओळीत सगळं उलटतं. शिवाय ही कविता ज्या दोन-दोन ओळींच्या छंदात आहे, त्यात दुसरी ओळ पहिलीपेक्षा आखूड असते. ओवीचा चौथा चरण आखूड पडतो तेव्हा कान कसा थबकतो, तसंच.

धागाकर्ता
ही कविता मी वाचली नव्हती. 'डंख' शब्द मागे घेतो, 'वळण' म्हणतो. चारोळीबद्दल मात्र मत तेच. बहुतेक चारोळ्यांत पहिल्या ओळीतच चौथी कळलेली असते.

प्रतिसाद १
मला वळणही मान्य नाही. थर्मोपिलीच्या त्या ओळी सरळ चालत येतात आणि थांबतात. मेलेली माणसं वाटसरूला एक निरोप देतात, बस्स. तुमच्या व्याख्येत त्या बसत नसतील तर व्याख्या बदला.