डोकं न भादरता हेअर ट्रान्सप्लांट होतं का?

पेठेतला मास्तर:
वय 33, हायस्कूलला शिकवतो. कपाळाचे दोन्ही कोपरे मागं सरलेत, मधले केस विरळ आहेत पण आहेत. डॉक्टरांनी 1800 ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे पुंजके) सांगितलेत आणि सगळ्या डोक्यावर झिरो मशीन मारावी लागेल म्हणाले. तिथंच गाडी अडलीय. तसा गल्लीत शिरलो की पहिला प्रश्न येणार, "कोण गेलं?" बाबा धडधाकट आहेत, रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात. आईनं स्पष्ट सांगितलंय, "तुझे वडील असताना डोकं भादरून माझ्या उंबऱ्यात यायचं नाही." तिचं मन मला मोडायचं नाही. आहेत ते केस ठेवून हे होतं का? दिवाळीच्या सुट्टीत उरकेल का? शाळेत कुणाला कळायला नको.

राजारामपुरीकर:
होतं भावा, मी तसंच केलंय, 14 महिने झाले. मागं, जिथनं ग्राफ्ट काढतात तिथं, फक्त एक आडवा पट्टा बारीक करतात, तीन बोटं रुंद. वरचे केस त्यावर पडले की काही दिसत नाही. त्यासाठी वरचे केस लांब पाहिजेत, म्हणून आत्तापासून कटिंग बंद कर. असलेल्या केसांच्या मधे मधे ग्राफ्ट लावायला वेळ लागतो, पैसेही जास्त घेतात. मी सकाळी आठला बसलो ते संध्याकाळी साडेसहाला उठलो.

तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, चौथ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली. ही लपत नाही, तेवढे दिवस घरातच थांब. उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. खपल्या राळ्याच्या दाण्याएवढ्या असतात, केसाच्या बुडाशी. दहाव्या दिवशी बोटाच्या पेरानं हलकं चोळल्यावर त्या सुटल्या आणि प्रत्येकीला एकेक बारका केस चिकटलेला. बाथरूमच्या फरशीवर ते बघून पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, केस गळतो, मूळ आत राहतं. खरंच चौथ्या महिन्यात कोंब दिसले. लाली मात्र तीन आठवडे होती, ती पुढच्या केसांखाली झाकली.

एक चूक करू नको. सातव्या दिवशी घरच्या लग्नात मी आग्रहाला बळी पडून फेटा बांधून घेतला. सोडताना कापड ओढलं, रक्त आलं, तीन-चार ग्राफ्ट गेले. तिथं आजही केस नाही. फेटा, हेल्मेट, घट्ट टोपी काहीच नको, गाडी घरात ठेव आणि केएमटीच्या बसनं फिर. मिरवणुकीतला गुलाल तर महिनाभर लांबच.

स्किन क्लिनिकमधली सिस्टर:
दादा, आहेत त्या केसांचं कुणी बोललं नाही. ऑपरेशननंतर दोन ते आठ आठवड्यांत आजूबाजूचे जुने केसही गळू शकतात, त्याला शॉक लॉस म्हणतात. बहुतेक तीन-चार महिन्यांत परत येतात, पण आधीच अगदी बारीक झालेले येतीलच असं नाही. म्हणजे शाळा सुरू झाल्यावर तुम्ही आधीपेक्षा विरळ दिसाल, त्याची तयारी ठेवा.

दुसरं, मागून आणलेले केस सहसा टिकतात, पुढचे जुने मात्र गळतच राहतात. ते धरून ठेवायला औषध लागतं: फिनास्टेराईड 1 मिलिग्रॅम, जे अमेरिकेत 1997 साली टकलासाठी मंजूर झालं, आणि मिनॉक्सिडिल. बंद केली की फायदा जातो. फिनास्टेराईडनं काही जणांची कामेच्छा कमी होते, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला हात लावू देऊ नका. आणि ग्राफ्ट बसवायच्या चिरा कोण पाडणार ते आधी विचारा. ते काम डॉक्टरांचं आहे, टेक्निशियनचं नव्हे. मी हे रोज बघते म्हणून कळकळीनं सांगतेय.

पेठेतला मास्तर:
दोघांचे मनापासून आभार. दुसऱ्या डॉक्टरांना भेटलो. केस ठेवून करतो म्हणाले, चिरा स्वतः पाडणार, पण एका वेळी 1200 च. मला चालतंय. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बसणार. आईला मागच्या पट्ट्याचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "एवढं चालंल." बाबांनी न्हाव्याला निरोप दिलाय, पोराच्या केसाला कात्री लावू नको म्हणून.