मदत हवी आहे : डब्यातली नाचणीची भाकरी मुले लपवून खातात

नमस्कार. देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीतील शाळेत मी पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. पट २९ आहे आणि शिक्षक आम्ही दोघेच. मुलांच्या खाण्याच्या सवयी सुधाराव्यात म्हणून वर्षभर जे करून पाहिले, त्यातले थोडे साधले आणि बरेच फसले. म्हणून येथील शिक्षकांना आणि पालकांना विचारते आहे.

शाळेत शिजणाऱ्या पोषण आहाराबद्दल माझी तक्रार नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे आणि आमच्या स्वयंपाकीण ताई ते मनापासून सांभाळतात. अडचण ताट वाढल्यानंतर सुरू होते. खिचडीतल्या भोपळ्याच्या फोडी मुले ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवतात आणि हात धुवायला जाताना त्या कावळ्यांना घालतात. दुधी किसून घातला तर तो ओळखू येत नाही आणि खाल्लाही जातो. पण मुलाला न कळता पोटात गेलेल्या भाजीने सवय लागते का, याची मला शंका आहे.

खरी चिंता छोट्या सुट्टीच्या डब्याची आहे. दुसरीतला एक मुलगा पूर्वी घरून नाचणीची भाकरी आणि गूळ आणत असे. एके दिवशी शेजारच्याने, "ही काळी भाकरी कित्याक हाडलंस (कशाला आणलीस) रे?" असे विचारले. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून, डब्याचे झाकण अर्धे लावून, खालून तुकडा मोडून खाऊ लागला. पुढे तर डबा आणणेच बंद झाले आणि हातात टपरीवरच्या खाऊसाठी पाच रुपयांचे नाणे दिसू लागले. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे मी वर्गात फळ्यावर लिहून सांगितले. मुलांनी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतले, एवढाच त्याचा परिणाम झाला.

अनेक मुलांचे वडील बोटीवर किंवा मुंबईत असल्यामुळे घरी आजीच सगळे पाहते. नाणे तीच देते, आणि मी काही बोलले की "पोरगो उपाशी रवण्यापेक्षा ताच खांव दे" असे उत्तर मिळते, ज्याला प्रत्युत्तर मला अजून सुचलेले नाही. त्यातही पावसाळा अवघड जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी जवळजवळ नाहीशी होते, आणि एरवी रोज मासे खाणारी मुले सुकट किंवा कुळथाची पिठी पुढे आली की नाक मुरडतात.

शाळेच्या आवारापासून ५० मीटरांच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा नियम २०२० पासून आहे, हे मला माहीत आहे. परंतु फाटकासमोरची टपरी माझ्याच एका विद्यार्थिनीच्या आईची आहे आणि त्यांचे घर त्यावर चालते, त्यामुळे तक्रार करण्याचा सल्ला कृपया देऊ नये. माझ्या विनंतीवरून त्यांनी आठवडाभर उकडलेल्या शेंगा ठेवून पाहिल्या. पहिल्या दिवशी नवलाईने खपल्या. चौथ्या दिवसापासून उरलेल्या शेंगा त्यांच्या घरचेच रात्री खात होते. चिक्की चालते, पण पावसात दोन दिवसांत चिकट होते.

साधली ती एकच गोष्ट. दिवाळीनंतर परसबागेत लाल माठाचे दोन वाफे केले आणि पाणी घालण्याच्या पाळ्या लावल्या. त्या माठाची भाजी शिजली तेव्हा भोपळ्याच्या फोडी वेचून काढणाऱ्या मुलांनीच ती "आमच्या वाफ्यातली" म्हणून दुसऱ्यांदा मागितली. यावरून मला वाटते की पौष्टिकतेच्या धड्यांपेक्षा मालकीचा अभिमान अधिक कामाचा असावा. पण हे वाफे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातात. मग मुलांनी स्वतः खुडून आणण्याजोगा टाकळा आणि शेवग्याचा पाला तेवढा उरतो, आणि टाकळ्याची भाजी म्हणजे गरिबाघरची, हा समज घरोघरी आहे.

तेव्हा चार गोष्टी सुचवाव्यात. नाचणी आणि कुळीथ यांची लाज मुलांच्या मनातून कोणी प्रत्यक्ष घालवली असल्यास ती कशी. सर्वांनी एकाच दिवशी तोच पदार्थ आणावा, असा ठरावीक वार कोणी करून पाहिला आहे का? पाच रुपयांत परवडेल, दमट हवेत टिकेल आणि टपरीवालीलाही चार पैसे सुटतील असा कोणता पदार्थ आहे? आणि आजीशी बोलताना कोठून सुरुवात करावी? पालकसभा येत्या शनिवारी आहे आणि सभेला बहुतेक आज्याच येतात, त्यामुळे चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्याआधी मिळाल्यास फार उपकार होतील.