मोटारसायकलच्याही आधी माग

वर कुणीतरी लिहिलंय, 'सुझुकी मुळात मोटारसायकलवाले, कार त्यांना नंतर सुचली.' अर्धंच बरोबर आहे. कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये जपानमधल्या हामामात्सुला कारखाना काढला तो कापड विणायच्या मागांचा. आणि छोट्या कारचा प्रयत्न १९३७ मध्येच सुरू झाला होता, युद्धामुळे तो थांबला. इंजिन लावलेली सायकल आली १९५२ मध्ये. मग १९५५ ची सुझुलाइट ही छोटी कार: ३६० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि त्याची ओढ पुढच्या चाकांना! त्या काळी जपानात ही मोठीच उडी होती.

आम्ही इचलकरंजीचे, घरी यंत्रमाग, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटतं. बाबांची सुझुकीच्याच घराण्यातली, कार्बुरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मारुती ८०० होती. थंडीत चोक ओढायचा, इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की हळूहळू आत सारायचा. कार्बुरेटरमध्ये कचरा अडकला की आमचे मागाचे जॉबरच (माग दुरुस्त करणारे कारागीर) तो खोलून, पेट्रोलने धुऊन परत बसवायचे. बॉनेट उघडलं की ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि भोवती हात घालायला ऐसपैस जागा. आताच्या गाड्यांत ती जागा मला दिसत नाही, आणि त्याचं खरंच वाईट वाटतं.