मदत हवी आहे : ओबीएसमधील अभंगाची पट्टी स्क्रिप्टने चालू होते, पण थेट प्रक्षेपणात दिसत नाही

चोपडा तालुक्यातील आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो आणि त्यातील हरिपाठ व रात्रीचे कीर्तन आम्ही ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या संगणक-प्रोग्रामने यूट्यूबवर थेट दाखवतो. कामानिमित्त सुरत, नाशिक, पुणे येथे स्थायिक झालेली गावची मंडळी ते नियमाने पाहतात. त्यांत वयस्कर माणसे पुष्कळ आहेत, म्हणून कीर्तनासाठी घेतलेल्या अभंगाचा चालू चरण पडद्यावर ठळक अक्षरांत वाचता आलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

पंगतीच्या यजमानांची पट्टी घड्याळ लावून दाखवता येते आणि ॲडव्हान्स्ड सीन स्विचर या प्लगइनच्या (ओबीएसला जोडायच्या पूरक प्रोग्रामच्या) मॅक्रोने ते काम व्यवस्थित होते. अभंगाला मात्र घड्याळ चालत नाही. महाराज एखाद्या चरणावर अर्धा तास निरूपण करतात आणि पुढचे दोन चरण विठ्ठलनामाच्या गजरात पाच मिनिटांत येतात, त्यामुळे टाळकऱ्यांमागे बसलेला कार्यकर्ता मोबाइलवरून चरणाचा क्रमांक दाबतो आणि लॅपटॉपवरील पायथन स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ओबीएसच्या वेबसॉकेटला, म्हणजे बाहेरून आदेश घेणाऱ्या सोयीला, ४४५५ या पोर्टवर आदेश पाठवते, अशी रचना केली आहे. ओबीएसची आवृत्ती ३० आहे. २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीपासून वेबसॉकेट ओबीएसमध्येच समाविष्ट असल्याने वेगळे काही बसवलेले नाही.

‘व्यासपीठ’, ‘टाळकरी’ आणि ‘मंडप’ असे तीन सीन (पडद्यावरील मांडण्या) आहेत व प्रत्येकात अभंगाच्या चरणांचे टेक्स्ट सोर्स (मजकुराच्या वस्तू) ठेवले आहेत. स्क्रिप्ट आधी ‘गेट सीन आयटम आयडी’ या विनंतीने नावावरून त्या सीनमधील वस्तूचा क्रमांक मिळवते आणि मग ती दाखवण्यासाठी ‘सेट सीन आयटम एनेबल्ड’ पाठवते. ‘व्यासपीठ’मध्ये पहिल्या चरणाच्या सोर्सचा हा क्रमांक ७ आहे, ‘टाळकरी’मध्ये त्याच सोर्सचा १२. आदेशाला १०० हा यशस्वितेचा कोड परत येतो, सोर्सच्या यादीत डोळ्याचे चिन्हही उघडते, परंतु प्रेक्षकांना पट्टी दिसत नाही. ट्रान्झिशनचे, म्हणजे तयार दृश्य प्रेक्षकांकडे पाठवण्याचे, बटण दाबले की ती एकदम प्रकट होते. दुसरा कॅमेरा आधी पाहून घेता यावा म्हणून आम्ही स्टुडिओ मोड कायम चालू ठेवतो आणि तो बंद करण्याची माझी तयारी नाही. शिवाय, सर्व चरण ‘पट्ट्या’ नावाच्या एका ग्रुपमध्ये टाकून पाहिले, तर त्याच विनंतीला ६०० हा कोड येतो, म्हणजे वस्तू सापडतच नाही.

स्टुडिओ मोड चालू ठेवून, ट्रान्झिशन न दाबता, स्क्रिप्टने केलेला बदल थेट प्रक्षेपणात तत्काळ कसा आणावा? आणि ग्रुपमधील वस्तूचा क्रमांक कसा मिळवावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

रामकृष्ण हरी, भाऊ. तुमची स्क्रिप्ट बरोबर आहे. अडचण स्टुडिओ मोडच्या ‘डुप्लिकेट सीन’ या पर्यायाची आहे. तो चालू असताना प्रेक्षकांकडे जाणारा सीन ही मूळ सीनची प्रत असते आणि मूळ सीनमधील वस्तूंची जागा किंवा दृश्यता बदलली तरी ती प्रत जशीच्या तशी राहते. तुमचा आदेश मूळ सीनला पोहोचतो, म्हणून कोड १०० येतो आणि डोळाही उघडतो. प्रतीला मात्र ट्रान्झिशन होईपर्यंत पत्ता नसतो. ट्रान्झिशन बटणाजवळच्या मेनूत हा पर्याय बंद करता येतो, पण मग चालू सीनमध्ये कोणी सहज काही हलवले तरी ते लगेच प्रेक्षकांना दिसेल. सप्ताहाच्या गर्दीत ते धोक्याचे आहे.

त्यापेक्षा ‘अभंग-पट्टी’ नावाचा स्वतंत्र सीन करावा, सर्व टेक्स्ट सोर्स त्यात ठेवावेत आणि तो सीनच तिन्ही सीनमध्ये सोर्स म्हणून घालावा. ‘डुप्लिकेट सोर्सेस’ (सीनमधील सोर्सचीही प्रत करण्याचा पर्याय) बंद असेल तर प्रत फक्त बाहेरच्या सीनची होते आणि आतला सीन दोन्हीकडे एकच राहतो, त्यामुळे आतील बदल त्याच क्षणी प्रक्षेपणात उतरतो. आदेशही तिन्ही सीनना वेगवेगळे द्यावे लागत नाहीत. क्रमांक त्या त्या सीनपुरताच असतो, हे तुमच्या ७ आणि १२ वरून दिसतेच. सोर्स काढून पुन्हा घातला तर नवा क्रमांक मिळतो, म्हणून तो स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहू नये. आता घेता तसा नावावरूनच घ्यावा.

ग्रुपबाबत सांगायचे तर, सीनच्या नावाच्या जागी ग्रुपचे नाव दिले की क्रमांक मिळतो. तरीही ग्रुप टाळावेत, कारण वेबसॉकेटच्या अधिकृत दस्तऐवजातच ग्रुपऐवजी सीनमध्ये सीन वापरण्याचा सल्ला दिलेला आहे.

आणखी एक सुचवतो. प्रत्येक चरणाला वेगळा सोर्स कशाला? एकच टेक्स्ट सोर्स ठेवून ‘सेट इनपुट सेटिंग्ज’ने मजकूर बदलावा. पट्टीला लपवण्याचे ट्रान्झिशन (हळूहळू मावळण्याचा परिणाम) लावले असेल, तर ती विरघळत असतानाच नवा चरण उमटून वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. म्हणून लपवणे, थांबणे, मजकूर बदलणे आणि दाखवणे या चार विनंत्या एकाच बॅचमध्ये (एकत्र गठ्ठ्यात) क्रमाने पाठवाव्यात. थांबण्यासाठी ‘स्लीप’ ही विनंती आहे. ट्रान्झिशन ३०० मिलिसेकंदांचे असेल तर ४०० द्यावेत. मंडपातील वायफाय अनेकांच्या हाती असतो, तेव्हा वेबसॉकेटचा पासवर्ड चालू ठेवावा, ही विनंती.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार, दादा. ‘अभंग-पट्टी’ हा सीन करून तिन्ही सीनमध्ये घातला आणि स्टुडिओ मोड चालू असताना मोबाइलवरून चरण बदलला, तर तो लगेच प्रक्षेपणात आला. बॅचमुळे जुना चरण पूर्ण मावळल्यावरच नवा उमटतो. आता एवढेच विचारायचे आहे की एखाद्या कार्यकर्त्याने लॅपटॉपवर हाताने डोळा मिटला, तर मोबाइलवरील पानाला ते कसे कळावे? ‘सीन आयटम एनेबल स्टेट चेंज्ड’ ही घटना ऐकत राहणे पुरेसे आहे, की वीज जाऊन जोडणी तुटल्यानंतर प्रत्येक वेळी ‘गेट सीन आयटम एनेबल्ड’ने स्थिती पुन्हा विचारून घ्यावी?